परक्या देशात यादवी पेटली तर दिल्लीनं काय करावं? पायरी-पायरीनं

२०२४ च्या जानेवारीत तासगावकडचे एक ओळखीचे बागायतदार साताऱ्यात घरी आले होते. त्यांची द्राक्षं रॉटरडॅमला निघायची होती आणि जहाज सुवेझ कालव्यातून न जाता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाणार, असा निरोप एजंटाकडून आला होता. वाटेत दहा-बारा दिवस जास्त, भाडं जास्त, आणि देठ हिरवा राहील की नाही याचा घोर वेगळाच. येमेनच्या हुथी बंडखोरांनी नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले होते. "भांडण त्यांच्या घरातलं, सर. आपल्या बागेत कसं आलं?" येमेनची यादवी २०१४ पासून पेटलेली. ती तासगावात पोचायला दहा वर्षं लागली, एवढंच.

उडदाचंही तेच. आपण बाहेरून आणतो तो उडीद बहुतेक म्यानमारचा. दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचा पाच वर्षांचा करार दिल्लीनं २०२१ मध्ये केला, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या लष्करानं सत्ता बळकावून देश यादवीत लोटला होता.

मी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. असा प्रश्न आला की 'भारताने संतुलित भूमिका घ्यावी' असं लिहून मुलं मोकळी होतात. संतुलित म्हणजे सोमवारी सकाळी पहिला फोन कुणाला लावायचा? बंडखोरांचा माणूस भेटायला आला तर त्याला कुठल्या दारानं आत घ्यायचं? ते कुणी लिहीत नाही. म्हणून वर्गात जे फळ्यावर मांडतो, ते इथे सविस्तर मांडतो आहे.

आधी साताऱ्याचीच यादवी

एके काळी ती परकी यादवी आपणच होतो आणि मोठी सत्ता दिल्लीत होती. १७०७ मध्ये औरंगजेब वारल्यावर त्याचा मुलगा आझमशहानं शाहू महाराजांना कैदेतून सोडलं. त्यामागे मराठ्यांत दुफळी पडावी हा मोगल सरदार जुल्फिकारखानाचा हिशेब होता. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतलं. ऑक्टोबरात खेडची लढाई झाली, धनाजी जाधव ताराबाईंना सोडून शाहूंकडे आले, आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात राज्याभिषेक झाला. १७०९ मध्ये दख्खनच्या सरदेशमुखीच्या सनदेसाठी दोन्हीकडचे अर्ज बादशहा बहादुरशहापुढे गेले. जुल्फिकारखान शाहूंच्या बाजूनं बोलत होता, वजीर मुनीमखान ताराबाईंच्या. बादशहानं सनद कुणालाच दिली नाही. आधी आपसांत निकाल लावा, मग बघू, असा तो निवाडा.

दिल्लीच्या दरबारात तेव्हा ही हुशारी वाटली असणार. पण पुढच्या दहा वर्षांत दख्खनचा बंदोबस्त मोगलांच्या हातून सुटला, आणि १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ फौजेनिशी दिल्लीला जाऊन सनदा आणि येसूबाई दोन्ही घेऊन परतले. शेजारच्या घराला लागलेल्या आगीवर हात शेकून घेणाऱ्या सत्तेचं काय होतं, हे आपल्याला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात शोधायची गरज नाही. ही यादवी मिटली कशी, ते पुढे सहाव्या पायरीला सांगतो. ती पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

पहिली पायरी: आपली माणसं बाहेर काढा, तोवर तोंड आवरा

गोळीबार सुरू झाल्यावर पहिला आठवडा निवेदनांचा नसतो, याद्यांचा असतो. आपले किती लोक आहेत, कुठल्या शहरात, पासपोर्ट स्वतःकडे आहे की मालकाकडे, पाणी किती दिवसांचं आहे. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा तिथे आपल्या शेजारच्या कर्नाटकातले हक्की-पिक्की समाजाचे लोकही अडकले होते. जडीबुटी आणि तेल विकायला गेलेली माणसं ती. अशी माणसं कुठल्याही कंपनीच्या यादीत सापडत नाहीत. म्हणून दूतावासानं शांततेच्या काळातच गावोगावचे, जातिजमातींचे, कामगारांचे पुढारी ओळखून ठेवायचे असतात.

मग वाट. खार्तूमचा विमानतळ बंद होता, म्हणून लोकांना बसनं पोर्ट सुदानला, तिथून जहाजानं आणि विमानानं जेद्दाला आणलं. काहींना वाडी सैय्यिदना नावाच्या दिवे नसलेल्या धावपट्टीवरून वायुदलानं रात्री उचललं. 'ऑपरेशन कावेरी'त ३८६२ माणसं परत आली. त्यासाठी दोन्ही सेनापतींच्या माणसांशी रोज बोलावं लागतं, आणि जेद्दासारखं जवळचं बंदर देणारा मित्रही लागतो. २०१५ मध्ये येमेनमधून लोक काढताना हेच काम जिबूतीनं केलं. सना शहरावर सौदी विमानं बॉम्ब टाकत होती. त्यांच्याकडूनच दिवसातले ठरावीक तास मागून घेऊन आपली विमानं तिथे उतरवली. तेव्हा ४६०० हून अधिक भारतीयांबरोबर ४१ देशांचे ९६० नागरिकही आपण आणले. दुसऱ्यांची माणसं आणायला जागा ठेवा. त्याची आठवण ते देश विसरत नाहीत.

या दिवसांत कोण बरोबर, कोण चूक यावर मंत्र्यांनी काही बोलू नये. टीव्हीवर 'भारत गप्प का' अशी ओरड होईल, होऊ द्या. ज्याच्या नाक्यावरून आपली बस जायची आहे, त्याला त्या दिवशी खुनी म्हणून चालत नाही. शेवटची बस निघाल्यावर म्हणा.

दुसरी पायरी: नकाशा काढा, आणि त्यावर पैसा दाखवा

बातमीत दोन बाजू असतात. प्रत्यक्षात म्यानमारसारख्या देशात लष्कराविरुद्ध लढणारे गट डझनांनी मोजावे लागतात आणि ते एकमेकांशीही भांडतात. परराष्ट्र खात्याच्या टिपणात चार रकाने हवेत: बंदूक कुणाच्या हातात, त्याला पैसे कुठून येतात, शेजारचा कुठला देश त्याला रसद पुरवतो, आणि 'थांबा' म्हटल्यावर खरोखर थांबतील अशी माणसं कुणाच्या शब्दात आहेत. चौथा रकाना भरणं सगळ्यांत अवघड. सुदानमध्ये सोन्याच्या खाणी कुणाकडे आहेत हे कळल्याशिवाय युद्ध एवढं लांबलं का, ते कळत नाही.

त्याच कागदावर आपला स्वार्थही प्रामाणिकपणे लिहा. म्यानमारच्या बाबतीत १६४३ किलोमीटरची सीमा, सितवे बंदरातून मिझोरामकडे येणारा कलादान प्रकल्प, उडीद, आणि ईशान्येतले बंडखोर. २०२४ च्या जानेवारीत त्या मार्गावरचं पलेत्वा हे गाव लष्कराविरुद्ध लढणाऱ्या अराकान आर्मीनं घेतलं. म्हणजे बंदराचा करार नेपिडोतल्या म्यानमार सरकारशी आणि रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात. स्वार्थ लिहिला नाही, तर तो गुपचूप निर्णय घेतो आणि आपण समजतो तत्त्वानं चाललोय.

तिसरी पायरी: सातबारा लगेच फिरवू नका

आपल्याकडे सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मान्यता देणं म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवणं. जमीन कसणाऱ्याशी बोलणं वेगळं. २०२१ मध्ये तालिबाननं काबूल घेतल्यावर आपण मान्यता दिली नाही, पण पुढच्याच वर्षी दूतावासात तांत्रिक पथक बसवलं. गहू आणि औषधं पोचवायची तर वहिवाटदाराशी बोलावंच लागतं.

घाई न करण्याचा सगळ्यांत मोठा दाखला १९७१ चा. बांगलादेशाच्या हंगामी सरकारनं १७ एप्रिलला शपथ घेतली. देशभरातून दडपण होतं, निर्वासितांचा आकडा एक कोटीकडे चालला होता. तरी इंदिराबाईंनी मान्यता दिली ती ६ डिसेंबरला. मधल्या महिन्यांत सोव्हिएत संघाशी ऑगस्टमध्ये करार केला, युरोप-अमेरिकेत फिरून जगाला परिस्थिती सांगितली. मान्यता हा एकदाच वापरायचा शब्द आहे. त्या दिवसापासून समोरच्या पक्षाशी बोलायचा रस्ता बंद होतो, हे लक्षात ठेवूनच तो उच्चारायचा.

बहादुरशहानंही सनद रोखली होती, मग फरक काय, असं एका मुलीनं वर्गात विचारलं. प्रश्न चांगला होता. त्यानं सनद रोखली ती दोघं लढत राहावेत म्हणून. रोखून ठेवलेल्या काळात आपण काय करतो, यावर ते ठरतं.

चौथी पायरी: हत्यारं देऊ नका

इथे फार बोलायची गरज नाही. श्रीलंकेत १९८३ च्या जुलैतल्या कत्तलीनंतर तिथल्या तमिळ गटांना आपल्या भूमीवर प्रशिक्षण मिळालं. चारच वर्षांनी त्यांतल्याच एका गटाशी आपलं सैन्य लढत होतं. हत्यार एकदा दिलं की त्याचं तोंड कुठे असावं, हे देणारा ठरवत नाही.

मात्र सरसकट शस्त्रबंदी न्याय्यच असते असंही नाही. १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेनं साऱ्या युगोस्लाव्हियावर ती घातली. जुन्या लष्कराची कोठारं सर्बांच्या हाती होती, बोस्नियाच्या सरकारकडे काहीच नव्हतं. बंदीला हात वर करण्याआधी कोणाच्या घरात आधीच भरलेलं कोठार आहे, ते पाहा.

पाचवी पायरी: सगळ्यांना दार उघडं, पण मागचं

नेपाळमध्ये १९९६ पासून माओवाद्यांचं युद्ध चालू होतं. भारताची अधिकृत भूमिका होती घटनात्मक राजेशाही आणि बहुपक्षीय लोकशाही असे दोन खांब. माओवादी आपल्याही लेखी दहशतवादी होते, आणि राजाच्या सैन्याला आपण शस्त्रं देत होतो. १ फेब्रुवारी २००५ ला राजा ज्ञानेंद्रनं सारी सत्ता हाती घेतली, तेव्हा दिल्लीनं शस्त्रं थांबवली. आणि २२ नोव्हेंबर २००५ ला सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यात बारा कलमांची समजूत झाली, ती दिल्लीत. मंचावर आपला कुणी मंत्री नव्हता, फोटो नव्हता. बोलायला जागा दिली, येण्याजाण्याकडे पाहिलं, आणि श्रेय नेपाळींना घेऊ दिलं. पुढच्या वर्षभरात दहा वर्षांचं युद्ध संपलं.

यातलं एक वळण मला फार शिकवून गेलं. एप्रिल २००६ मध्ये काठमांडूचे रस्ते माणसांनी भरले होते. आपण डॉ. करणसिंह यांना राजाकडे दूत म्हणून पाठवलं. २१ तारखेला राजानं अर्धवट माघार घेतली आणि दिल्लीनं तिचं लगेच स्वागत केलं. रस्त्यावरच्या लोकांना ती मान्य नव्हती. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र सचिव श्याम सरण यांनी स्पष्ट केलं की काय हवं ते नेपाळची जनता ठरवेल. २४ ला राजानं संसद पुन्हा स्थापन केली. मोठी सत्ता चुकते; चूक चोवीस तासांत सुधारता येते ती दुसऱ्या बाजूशी आधीपासून बोलणं असेल तर. मागच्या दाराचा उपयोग तोच.

म्हणून प्रत्येक गटामागे एकच अधिकारी नेमा, तीन-चार वर्षं बदलू नका. तो बोलला हे जाहीर करू नका, आणि खोटंही सांगू नका. 'आम्ही सर्व संबंधितांशी बोलतो' एवढं पुरतं.

सहावी पायरी: जो लढतोय, त्याची सही हवी

आता श्रीलंकेतलं जफना आणि आपली वारणा.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. कागद वाईट नव्हता. तमिळ भागाला प्रांतीय अधिकार, तमिळ भाषेला स्थान, ७२ तासांत बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, बंदोबस्ताला भारतीय शांतिसेना. पण लढत होते ते लिट्टेचे तमिळ बंडखोर, आणि त्यांची सही त्यावर नव्हती. त्यांचा नेता प्रभाकरन याला दिल्लीला आणून समजावलं होतं, त्यानं नाइलाजानं मान डोलावली होती, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सुदुमलैच्या सभेत त्यानं जाहीरपणे जवळपास तसंच सांगितलं. दुसऱ्या बाजूलाही घरातच फूट होती: पंतप्रधान प्रेमदासांचा कराराला विरोध होता. करारानंतरच्या सकाळी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ऑक्टोबरात पकडलेल्या बारा लिट्टे सैनिकांनी सायनाइड खाल्लं, आणि त्याच आठवड्यात शांतिसेना युद्धात ओढली गेली. सुमारे १२०० भारतीय जवान गेले. प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी आपलं सैन्य हटवा म्हणून तगादा लावला, लिट्टेला शस्त्रंही पुरवली. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला काय झालं ते सांगायला नको.

अपशिंग्यासारखी गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तेव्हा दिल्लीत कागदावर एक ओळ चुकली की तिची किंमत कुठल्या उंबऱ्यावर येते, हे साताऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या आळीतले एक निवृत्त सुभेदार जफनाला होते. मी त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी एकदाच या विषयावर तोंड उघडलं. "उतरलो तेव्हा बायाबापड्यांनी हार घातले. दोन महिन्यांनी त्याच गल्लीत सुरुंग होते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की आम्ही नक्की कुणाच्या बाजूचे." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एका करारात आपण पंच, जामीनदार आणि पोलीस तिन्ही झालो होतो.

आता वारणेकडे पाहा. खेडच्या लढाईनंतर सातारा आणि कोल्हापूर ही भावकी जवळजवळ २४ वर्षं भांडली. निजामानं कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून ती भडकवली, तो १७२८ मध्ये पालखेडला हरला तेव्हा बाहेरची फुंकर थांबली. मग आधी कऱ्हाडजवळ जखिणवाडीला शाहू आणि संभाजी हे दोघे चुलतभाऊ समोरासमोर भेटले, आणि १३ एप्रिल १७३१ ला तह झाला. हद्द वारणा नदी. नजरेला दिसणारी, जिच्यावरून वाद घालायला जागा कमी. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. आणि मला सगळ्यांत शहाणं वाटतं ते कलम: एकाकडून रुसून आलेला चाकर दुसऱ्यानं ठेवून घ्यायचा नाही. यादवी पुन्हा पेटते ती अशाच रुसलेल्या सरदारांमुळे, हे ज्यांनी भोगलं होतं त्यांनीच ते लिहिलं. बाहेरच्या मध्यस्थाला ते सुचलं नसतं.

तेव्हा मोठ्या सत्तेनं तीन गोष्टी तपासाव्यात. प्रत्यक्ष लढणाऱ्यांची सही आहे का? त्यांच्यामागे पैसा पुरवणारा शेजारी थांबला आहे का, की आपण फांद्या छाटतोय आणि मुळाला पाणी चालू आहे? आणि कलमं त्यांच्या भांडणातून आली आहेत, की आपल्या अधिकाऱ्यांच्या जुन्या फायलीतून? एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर सैन्य पाठवू नका. जामीन राहू नका. बोलणी चालू ठेवा, थांबा.

सातवी पायरी: न्यूयॉर्कमध्ये शब्द वाचा

१७ मार्च २०११ ला लिबियावरचा १९७३ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. नागरिकांच्या रक्षणासाठी 'सर्व आवश्यक उपाय' करायची मुभा त्यात होती. दहा मतं बाजूनं, पाच देश तटस्थ. त्यांत भारत होता. रक्षणाच्या परवानगीचा पुढे सत्तापालटापर्यंत विस्तार झाला, गद्दाफी ऑक्टोबरमध्ये मारला गेला, आणि देश तुकड्यांत राहिला. आपली शंका खरी ठरली.

पण तटस्थ मत हे घरी बसायचं कारण होऊ नये, हे मी मुलांना बजावून सांगतो. १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू असताना परिषदेनं तिथली शांतिसेना वाढवायच्या ऐवजी सुमारे २७० माणसांवर आणायचा निर्णय घेतला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. तेव्हा मत देताना पर्याय लिहून द्या: कालमर्यादा किती, परिषदेला अहवाल कधी, परवानगी कुठे संपते.

आठवी पायरी: सीमेवर आलेली माणसं

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याचा आधार पातळ आहे. म्यानमारमधून आलेल्या तीस हजारांहून अधिक चिन जमातीच्या लोकांना मिझोराम सरकारनं आणि तिथल्या चर्च, गावसंस्थांनी सांभाळलं, कारण मिझो आणि चिन एकाच रक्ताचे. दिल्लीची भूमिका वेगळी होती. हा ताण दर वेळी येणार. माझं मत स्पष्ट आहे: नाव नोंदवा, ओळखपत्र द्या, मुलांना शाळेत घाला, बंदुका सीमेवर काढून घ्या. आज छावणीतल्या माणसाशी आपण कसे वागतो, ते उद्या त्या देशाचा मंत्री झालेला कुणीतरी लक्षात ठेवणार आहे.

नववी पायरी: सहीनंतरची वर्षं

कॅमेरे इथे निघून जातात आणि खरं काम इथे सुरू होतं. नेपाळमध्ये माओवाद्यांची हत्यारं छावण्यांतल्या कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली. किल्ली माओवाद्यांकडे, पहारा आणि कॅमेरा संयुक्त राष्ट्रांचा. हत्यार हिसकावलं नाही, पण वापरताही आलं नाही. १९६०२ लढवय्यांची तपासणी होऊन नोंद झाली आणि सहा-सात वर्षांनी त्यांतले सुमारे १४०० नेपाळी सैन्यात घेतले गेले. बाकीच्यांना पैसे देऊन घरी पाठवलं. कंटाळवाणं, हिशेबाचं काम.

अशा कामात आपली माणसं जुनी आहेत. कोरियात युद्ध थांबल्यावर १९५३ मध्ये घरी परत जायला नकार देणाऱ्या वीस हजारांवर कैद्यांची जबाबदारी भारतावर आली. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते आणि पहाऱ्यावरच्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल थोरात. तिथे आपण कुणाच्या बाजूनं लढायला गेलो नव्हतो. म्हणून तर ते काम आपल्याला मिळालं.

जायच्या आधीच परतीचं लिहा

शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासच्या धक्क्यावर तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. तात्या मला म्हणाले होते, "का गेलो ते कळलं नाही, आणि का आलो तेही नाही." म्हणून कुठल्याही देशात माणूस, पैसा किंवा तुकडी पाठवण्याच्या फायलीवर पहिल्याच दिवशी तीन ओळी असाव्यात: कशासाठी जातोय, काय घडलं की परत येऊ, आणि काय घडलं तर काम अर्धं टाकून परत येऊ. खाली तारीख. दर सहा महिन्यांनी तीच फाईल संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे पुन्हा उघडायची, आणि त्या तीन ओळींपैकी एखादी बदलली असेल तर कुणी बदलली, त्याचं नाव तिथेच शेजारी लिहायचं.